उतारावरचा पाय

‘पाय उचलू नकोस. गाडी थांबली म्हणजे थांबली असं नसतं. उचललास की सरकेल, आणि मागं कोण उभं आहे ते तुला दिसत नाही.’

उस्तादांचा आवाज. विडीनं खरवडलेला, कानाच्या अगदी मागून येणारा. इतक्या वर्षांनी तो नेमका आत्ताच का यावा, आणि तोही एका डागातून, हे मिस्त्रीला कळेना. डाग समोरच्या चकतीवर होता. गाडी घोडीवर टेकलेली, पुढचं डावं चाक उतरवून भिंतीशी उभं केलेलं, आणि उघड्या पडलेल्या त्या लोखंडी चकतीवर – हल्ली सगळे डिस्क म्हणतात, उस्ताद चकतीच म्हणायचे – घासून घासून चांदीसारख्या झालेल्या त्या गोलावर एके ठिकाणी काळपट निळा ठसा... लहान मुलानं ओला तळवा भिंतीला टेकवावा तसा. मुलं तळवा उचलून पळून जातात. हा तळवा जणू तिथंच राहिला होता.

त्यानं बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. डोळ्याला दिसतं आणि बोटाला लागत नाही, असल्या दुखण्याची त्याला आता ओळख झाली होती.

सकाळी सुनेनं गाडीची किल्ली ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “बाबा, पुन्हा थरथरायला लागलीय.” आणि डबा पिशवीत टाकून बसनं कामाला गेली होती. टेकडीवरच्या इस्पितळात, रक्त तपासतात त्या खोलीत. ‘पुन्हा’ या शब्दावर तिनं जोर दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं. माणूस वैतागला की निदान कुठं आहे ते कळतं. तिचं सगळं हलक्या हातानं. दार लावणं, भांडं ठेवणं, नवऱ्याचं नाव घेणं... ते तर आता घेतच नाही. तोही घेत नाही. दोघं मिळून त्या एका नावाभोवती अशी वावरतात, जशी निजलेल्या माणसाभोवती घरची माणसं पाय न वाजवता वावरतात.

गाडी मुलाची. आता तिची. चालवणारा बदलला तरी आरसा अजून उंच माणसाच्या हिशेबानंच लावलेला होता, ती मान वर करून बघायची; तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

त्यानं सकाळी गाडी स्वतः मोकळ्या रस्त्यावर नेऊन पाहिली होती. नुसती पळवली तर सरळ, सुतासारखी. म्हणजे चाकांच्या तोलाचा दोष नाही. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात फडफडायचं, पकडलेल्या पाखरासारखं. बूड ज्यावर टेकलं होतं ती सीट मात्र शांत. म्हणजे दुखणं पुढं आहे, मागं नाही. मग गॅरेजात आणून एकेक करून पाहिलं. नट घट्ट होते. चाक वरखाली हलवून बेअरिंग बघितलं, खुळखुळा नव्हता. चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा कॅलिपर आपल्या पिनांवर मोकळा सरकत होता. सगळं धड होतं... आणि गाडी थरथरत होती. मुलाच्या वेळी डॉक्टरही असंच एकेक कागद उलटत म्हणाले होते, हे ठीक आहे, हेही ठीक आहे.

चकतीची जाडी मोजली तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. दोनदा ही थरथर आली आणि दोनदा त्यानं चकत्या काढून लेथवर घासून आणल्या होत्या. मागच्या खेपेला लेथवाल्यानं भुवया वर केल्या होत्या – आता पुन्हा आणू नका, ओढणीचं फडकं झालंय याचं. तेच मापातही आलं. घासायला आता काही उरलं नव्हतं.

म्हणजे दोनच रस्ते. एक, तिला सांगायचं की अशीच चालव, हळू चालव, लांब नेऊ नकोस. आणि दुसरा...

दुसरा वर फळीवर होता. खोक्यात. नव्या चकत्यांची जोडी आणि त्यांना दाबणारे ब्रेकचे पॅड, कधीच आणून ठेवलेले.

का बसवल्या नाहीस, असं कुणी विचारलं असतं तर त्याच्यापाशी उत्तर तयार होतं: गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, घरची नंतर, न्हाव्याच्या घरचीच दाढी वाढते. पण विचारायला होतं कोण? शेजारच्या टायरवाल्यानं मात्र विचारलं होतं. तो रोज अकराच्या सुमारास आपला कप घेऊन यायचा, उलट्या टायरवर बसायचा आणि जगाची हवा तपासायचा. आजही आला. गाडीकडे बघून म्हणाला, “काय मिस्त्री, ही तर तुमच्याकडे जावयासारखी यायला लागली. दर दोन महिन्यांनी मानपान.”

मिस्त्री हसला. हसू अर्ध्यावर राहिलं. कारण याच टायरवर बसून याच माणसानं पावसाळा सरताना एक बातमी सहज बोलावी तशी बोलून टाकली होती. त्याची मेहुणी त्याच इस्पितळात होती, तिच्याकडून कळलेली. सुनेला दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळानं बोलावलंय. हुद्दा चांगला, राहायला खोली. तुम्हाला माहीतच असेल म्हणा. ‘आहे ना,’ मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, आणि हातातला पाना त्यानं ज्या नटाला लावला होता तो आधीच घट्ट होता.

तेव्हापासून तो वाट बघत होता. ती सांगेल. आज जेवताना सांगेल. रविवारी सांगेल. ती भाजी वाढायची, पाणी ठेवायची, त्याच्या चष्म्याची काच पदरानं पुसून द्यायची... आणि सांगायची नाही. आणि गाडी थरथरायची. थरथरणारी गाडी घेऊन एवढ्या लांबच्या रस्त्याला कोण जाईल? – हे मी मनात म्हटलं का? म्हटलं असेल. माणूस मनात काय काय म्हणतो, ते त्याच्या तोंडालाही कळत नाही. लेथवर घासलेली चकती टिकणार नाही हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, आणि हातांनी ते त्याला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला होता.

टायरवाला गेला. कपाचा ओला गोल टायरवर राहिला.

पण हा डाग. मागच्या दोन्ही वेळा त्यानं चकत्या काढल्या आणि पोत्यात घालून लेथवाल्याकडे पाठवल्या, नीट पाहिल्याच नाहीत. आज पाहिला. आणि डाग हा नुसता डाग नसतो, तो सांगत असतो. लांब उतारावरून गाडी ब्रेकवर उतरवली की चकती तव्यासारखी तापते. खाली आल्यावर गाडी थांबली, आणि थांबल्यावरही पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवला, तर तापलेले पॅड चकतीवर एकाच जागी चिकटून बसतात. उठतात तेव्हा आपली थोडी कातडी तिथं ठेवून उठतात. मग दर फेऱ्याला ती जागा आली की पॅड अडखळतात... आणि आपल्याला वाटतं गाडी थरथरते. गाडी थरथरत नसते. ती एका जागी थांबल्याचं तिला दर फेऱ्याला आठवत असतं.

टेकडीवरून उतार. उताराच्या पायथ्याला सिग्नल, लांबलचक. ती रोज संध्याकाळी तिथं उभी राहते. पाय ब्रेकवर, घट्ट.

‘पाय उचलू नकोस.’

हे तिला शिकवलं मुलानं. घरासमोरच्या चढावर दोघं शिकत होती, लग्नाला फार दिवस झाले नव्हते, ती हसत होती आणि गाडी आचके देत होती. मिस्त्री फाटकाशी उभा होता, आणि मुलाच्या तोंडून ते वाक्य आलं – शब्दाला शब्द, हेलाला हेल – तेव्हा आपल्याच घशातून निघालं असं वाटून त्यानं गळ्याला हात लावला होता. मुलाला ते त्यानं शिकवलेलं. जुन्या टेम्पोत. त्या टेम्पोचा हँडब्रेक कायमचा तुटलेला, तार लोंबकळणारी, चढ-उतारावर उभं राहायचं तर पायाखेरीज आधार नाही. मुलाचा पाय लटलटायला लागला होता आणि बाप शेजारी बसून म्हणत होता, पाय उचलू नकोस, धर, धर. आणि त्याला स्वतःला ते शिकवलं उस्तादांनी, त्याहून जुन्या ट्रकवर. त्या ट्रकांना चकत्या नव्हत्याच, ड्रम होते; तिथं पाय कितीही दाबा, असा ठसा उमटायचा नाही. ट्रक गेला. टेम्पो भंगारात गेला. उस्ताद गेले, मुलगा... आणि तो पाय तेवढा घरात राहिला, एका पायातून दुसऱ्या पायात.

टेकडीवरच्या त्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर, शेवटी शेवटी तापात मुलाचा उजवा पाय खाटेच्या दांड्याला टेकलेला असायचा. दाबलेला. नर्स सरळ करायची, तो पुन्हा टेकवायचा. बापाच्या ध्यानात आलं होतं तो काय करतोय ते, आणि सून पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा त्यानं वाकून त्याच्या कानात म्हटलं होतं, धर. सोडू नकोस. त्यानं धरून ठेवलं, बराच वेळ. आज्ञाधारक पोर होतं.

मिस्त्रीनं हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले, म्हणजे तोंडाला काळं लागणार नाही. लागलंच थोडं.

बायको होती तेव्हा – ती मुलाच्या लग्नाआधीच गेली, सुटली म्हणायचं – संध्याकाळी दारातला दिवा लावताना दोन ओळी गुणगुणायची. कुठून शिकली होती कोण जाणे, तिच्या आईकडून असेल.

*दिवा लावीते दाराशी, उजेड पडो वाटेला,*
*आल्या पावलाला दिसो, दिसो जात्या पावलाला.*

त्याला तेव्हा वाटायचं, येणाऱ्यासाठी दिवा ठीक, जाणाऱ्यासाठी कशाला? जाणारा तर चाललाच.

तो स्टुलावर चढला. खोक्यावर धूळ होती, जाड, मऊ. फक्त एका कोपऱ्यावर पुसलेली. मांजर निजलं असेल, त्याला वाटलं. त्यानं खोकं खाली घेतलं. एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं.

मग हातांनी आपलं काम सुरू केलं, आणि त्याला हातांचा हेवा वाटला. जुन्या चकत्या निघाल्या. चकती ज्यावर बसते त्या हबवर गंजाचे पापुद्रे होते, ते तारेच्या ब्रशनं खरवडले. तिथं कणभर गंज राहिला तरी नवी चकती तिरकी बसते आणि नवं दुखणं जुन्याच्या जागी येतं. नव्या चकत्या तेलकट, थंड, कुणाच्याच न झालेल्या. त्या पुसल्या. पॅड घातले. चाकं चढवली आणि नट आवळले. रांगेनं नाही, समोरासमोरचे, एक इकडचा की एक तिकडचा, म्हणजे सगळ्यांवर भार सारखा येतो. घरात तीन माणसं होती तेव्हा भार असाच सारखा होता. दोघांत तो कसा वाटायचा, आणि एकट्यानं...

आरसा राहिला. तो दार उघडून आत बसला, त्यानं आरशाला हात लावला, आणि काढून घेतला. ते तिचं तिनं करायचं.

ती आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गॅरेजच्या दारात उभी राहिली, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर दिवसभराचा तो पांढरा उजेड अजून थोडासा. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग बाकावरच्या रिकाम्या खोक्याकडे. खोक्याकडे जरा जास्त वेळ.

तो म्हणाला, झालीय, पण एक काम उरलंय, ते तुलाच करावं लागेल. तिनं पिशवी मागच्या सीटवर टाकली. तोंड पुसा बाबा, ती म्हणाली, नाकाला काळं आहे, लोक म्हणतील सासऱ्याला सून हेच करायला लावते. आणि तिनंच रुमाल पुढं केला.

नव्या चकतीला आणि नव्या पॅडला आधी एकमेकांची ओळख करून द्यावी लागते, त्यानं तिला समजावलं. वेग घ्यायचा, मग ब्रेक दाबून कमी करायचा, पण थांबायचं नाही. पुन्हा वेग. पुन्हा कमी. मधे थोडं वारं खाऊ द्यायचं. असं काही वेळा. थांबलीस तर पहिल्याच दिवशी डाग पडेल.

“म्हणजे हळू व्हायचं, पण थांबायचं नाही,” ती म्हणाली.

“हं.”

ती चालवत होती आणि तो शेजारी बसून रस्त्याकडे बघत होता. गोदामांच्या मागचा सरळ, रिकामा रस्ता. वेग... ब्रेक... पहिल्या खेपेला त्यानं श्वास धरला. स्टिअरिंग तिच्या हातांत निवांत होतं. तिची बोटं मात्र सवयीनं आवळलेली, थरथर येणार म्हणून. दुसऱ्या खेपेलाही आली नाही. तिसऱ्या खेपेला तिची बोटं सैल पडली आणि ती नकळत थोडी हसली, ओठांच्या एका कडेनं, आणि त्याला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. बरी झाली. आता ही कुठवरही जाईल.

परतताना उतार बघायला हवा, तो म्हणाला. गावात खरा उतार एकच. तिनं गाडी टेकडीकडे वळवली. वर फाटकापाशी वळसा घ्यायचा होता. इस्पितळाची इमारत संध्याकाळच्या उन्हात उभी होती, बाहेरच्या बाजूला काचेआडून दिसणारा जिना, आणि जिन्यावरून चढणारी-उतरणारी माणसं, कुणाच्या हातात फळं, कुणाच्या हातात काहीच नाही. त्यानं पाहिलं: ती तिकडे बघत नव्हती. मान किंचित उजवीकडे वळवलेली, अगदी किंचित. रोज या दारातून आत जाणारं माणूस, आणि... त्याला एकदम वाटलं, ही रोज अशीच येते. मी वर्षभरात इथं एकदाही आलो नाही, आणि ही रोज येते.

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला वाटत आलं होतं, ही घर सोडून चाललीय. मला. त्याला. भिंतीवरच्या फोटोला.

उतार लागला. ब्रेकवर उतरवू नकोस, तो म्हणाला, खालच्या गिअरमधे टाक, इंजिनलाच धरू दे. तिनं टाकला. इंजिन कण्हलं, मग सावरलं, आणि गाडी आपल्याच वजनाला आवरत झाडांच्या सावल्यांतून उतरत गेली. खाली सिग्नल लाल होता. ती थांबली. पाय ब्रेकवर, घट्ट – तिच्या गुडघ्याची शीर ताठ झालेली त्याला दिसली.

“हँडब्रेक ओढ,” तो म्हणाला. “आणि पाय काढ.”

तिनं वळून पाहिलं. “पाय उचलू नकोस, हे तुमच्याच घरातलं ना?”

“ती गाडी वेगळी होती.”

तिनं हँडब्रेक ओढला. पाय मात्र लगेच काढला नाही. मग हळूच, आधी टाच, मग चवडा... गाडी जागची हलली नाही. समोर लाल दिवा, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या गाड्या, कुणीतरी खिडकीतून हात बाहेर सोडून बसलेलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि त्या हातांकडेच बघत बोलली.

“खोकं मी केव्हाच पाहिलं होतं, बाबा. तुमचा डबा द्यायला आले होते तेव्हा. उघडून पाहिलं.”

पुसलेला कोपरा त्याच्या डोळ्यांपुढं आला.

“म्हटलं, बसवतील तेव्हा बसवतील. तोवर मीही तिकडे हो म्हटलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मला तो जिना रोज चढवत नाही हो. मागच्या बाजूनं जाते, औषधांच्या गाड्या येतात तिकडून. पण तुम्हाला एकटं ठेवून... तुम्हाला विचारायला तोंडच उघडेना.”

मिस्त्रीला काहीतरी बोलायचं होतं, आणि ते बोलण्याआधी त्याला एक गोष्ट जाणवली, हास्यास्पद, या वेळी जाणवायला नको अशी: त्याचा उजवा पाय गाडीच्या जमिनीवर दाबलेला होता. त्याच्या बाजूला ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं, नुसतं रबराचं पायपुसणं; तरी पाय त्यावर रोवलेला, पोटरीत गोळा आलेला, टेकडीवरून उतरल्यापासून... नाही, त्याच्याही आधीपासून. पावसाळा सरला तेव्हापासून. कदाचित खाटेच्या त्या दांड्यापासून. तो मुलाला धर म्हणाला होता आणि मुलगा गेला, आणि हा त्याच्या वाटचं धरून बसला होता. उस्ताद, मागं कोण उभं आहे ते दिसत नाही म्हणता. पण पुढं कोण बसलंय ते तरी मी कुठं पाहिलं? त्यानं पाय सैल केला. मुंग्या आल्या, सुयांसारख्या, आणि त्या मुंग्यांबरोबर काहीतरी वर चढत आलं, पोटरीतून, छातीतून, घशापर्यंत. ते दुःखच होतं, तेच, जुनं. पण आता ते हलत होतं.

“विचारू नकोस, पोरी,” तो म्हणाला. “नुसतं सांग. कधी निघायचंय?”

तिनं हात वर नेला आणि आरसा खाली, स्वतःच्या डोळ्यांपुढं वळवला. दिवा अजून लाल होता.